मोटारसायकलचा टायर एकसारखा का झिजत नाही?

टायर बदलण्याआधी जुना टायर पाच मिनिटे नीट न्याहाळावा, कारण झिजेच्या ठेवणीवरून गाडीतला दोष बहुधा ओळखता येतो आणि तो तसाच ठेवला तर नव्या टायरचीही तीच गत होते.

गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे. दोन्ही कडा आधी गेल्या असतील, तर हवा बरेच दिवस कमी राहिलेली असते. नक्षी फक्त मधोमध सपाट झाली असेल, तर हवा जास्त भरली जात असावी; मात्र रोज हमरस्त्याने सरळ धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर योग्य हवेतही मध्येच झिजतो, त्याला दोष मानू नये. हवा टायर थंड असतानाच मोजावी आणि कंपनीने दिलेला आकडा पाळावा; मागे माणूस बसणार असल्यास तो आकडा वेगळा असतो.

एकच बाजू ठळकपणे झिजली असेल, तर चाक सरळ बसले आहे का ते पाहावे. माझ्या गाडीची चेन एकदा गॅरेजमध्ये ताणून घेतली, तेव्हा ॲडजस्टर (मागचे चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणणारा भाग) डावीकडे तिसऱ्या खुणेवर आणि उजवीकडे चौथ्या खुणेवर राहिला होता. हे मला टायरची एक कड गुळगुळीत झाल्यावरच दिसले. खुणा जुळूनही शंका राहिली, तर दोन्ही चाकांच्या बाजूंनी दोरी ताणून ती एका रेषेत आहेत का ते पाहावे. नंतर चाक वर-खाली धरून हलवावे; खुळखुळ जाणवल्यास बेअरिंग किंवा चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश गेले असे समजावे.

पुढच्या टायरवर तळहात दोन्ही दिशांनी फिरवावा. उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे थोडे लागले, तर ती ब्रेकिंगची नेहमीची झीज असते. ठरावीक अंतरावर खळगे लागत असतील, तर मात्र फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे), चाकाचे बॅलन्सिंग आणि कोन सेट (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) यांकडे संशयाने पाहावे. कोन सेट तपासण्यासाठी पुढचे चाक अधांतरी ठेवून फोर्कची खालची टोके मागे-पुढे ढकलावीत. हाताला ‘टक’ असे जाणवले, तर तो सैल झाला आहे.

नक्षीची खोली नेहमी सर्वांत झिजलेल्या जागी मोजावी. दुचाकीसाठी कायदेशीर किमान मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे, आणि एक कड तिथवर पोहोचली असेल तर बाकीचा टायर नवा दिसला तरी तो उतरवावाच.