"एखादं चांगलं हॉटेल सांगा ना": सल्ला मागताना या चुका टाळा

"पुढच्या महिन्यात फिरायला चाललोय, एखादं चांगलं हॉटेल सांगा ना. फार महाग नको, मध्यवर्ती असावं." असं विचारलं की उत्तरांचा पाऊस पडतो. पंचवीस जण पंचवीस नावं सांगतात. विचारणारा होता तिथेच राहतो, फक्त आता त्याच्यासमोर पंचवीस टॅब उघडे असतात. सांगणाऱ्यांचा यात काही दोष नाही. प्रत्येकाने आपल्या मनातलं 'चांगलं' सांगितलं. विचारणाऱ्याने स्वतःचं सांगितलंच नव्हतं.

'चांगलं', 'स्वस्त' आणि 'जवळ'

हे तीन शब्द प्रश्नातून काढून टाका आणि उरतं काय ते बघा. बहुतेक वेळा काहीच उरत नाही.

'चांगलं' म्हणजे काय हे सुचत नसेल तर उलट बाजूने सुरुवात करा. मागच्या वेळी हॉटेलात कशाचा वैताग आला होता? रात्रभर रस्त्याचा आवाज, बाथरूममध्ये सगळीकडे पाणी, अंघोळीसाठी टबाची उंच कड ओलांडायची कसरत, बंद न होणारा एसी? तेच लिहा. "शांत खोली हवी, झोप सावध आहे" या एका वाक्यावर सांगणारा दहातली सहा नावं स्वतःच गाळतो.

'स्वस्त'च्या जागी आकडा हवा. तो खोलीमागे की माणशी, एका रात्रीचा की सगळ्या मुक्कामाचा, कर धरून की सोडून, हेही हवं. आकडा सांगायला लोक उगाच लाजतात. सुरुवातीला दिसणाऱ्या दरात पुष्कळदा कर धरलेला नसतो. काही शहरांत माणशी, दर रात्रीमागे पर्यटक कर असतो आणि तो तिथे गेल्यावर वेगळा भरावा लागतो. चौघांच्या पाच रात्री म्हणजे तो वीस वेळा. तुम्ही सगळं धरून बजेट सांगताय आणि समोरचा करांशिवायचा दर सांगतोय, अशी गफलत झाली तर कुणाच्याच लक्षात येत नाही. लक्षात येते ती थेट बिल हातात पडल्यावर.

'जवळ' मात्र सगळ्यात फसवा. कशापासून जवळ? "केंद्रापासून ८०० मीटर" असं लिहिलेलं असतं तेव्हा ते अंतर बहुतेकदा नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं असतं आणि 'केंद्र' म्हणजे कुणीतरी ठरवलेला एक बिंदू. मध्ये रेल्वेचे रूळ आले, नदी आली आणि पूल लांब असला की त्या ८०० मीटरचे सहज दोन किलोमीटर होतात. चढ तर त्या आकड्यात दिसतच नाही. सपाट रस्त्यावर मोकळ्या हाताने ८०० मीटर म्हणजे दहा मिनिटं. दोन चाकांच्या बॅगा घेऊन दगडी फरसबंदीवरून तेच अंतर वीस मिनिटं खातं.

यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे. हॉटेलच्या दारापासून तुम्ही रोज जिथे जाणार त्या ठिकाणापर्यंत नकाशावर पायी जायचा मार्ग काढायचा. मार्ग लांबीला किती, चढ किती आणि शेवटचे दोनशे मीटर कसे आहेत, हे रस्त्याच्या फोटोंवर बघायचं. स्टेशनजवळचं हॉटेल असेल तर स्टेशनच्या कुठल्या बाजूला, हे आधी. पुढची आणि मागची बाजू म्हणजे पुष्कळदा दोन वेगळी गावंच.

धड प्रश्न कसा दिसतो ते बघा:

"आम्ही चौघं: दोघं नवरा-बायको, मुलगा १३ वर्षांचा, आई ७२ वर्षांची. १४ ला संध्याकाळी सातला विमानतळावर उतरणार, १८ ला सकाळी आठच्या गाडीने निघणार, म्हणजे ४ रात्री. आईला एका मजल्यापेक्षा जास्त चढवत नाही. दोन खोल्या हव्यात, मधून दार असेल तर उत्तम. दोन्ही मिळून रात्रीचे कर धरून अमुक इतके. ब्रेकफास्ट नसला तरी चालेल. ही दोन हॉटेलं बघून ठेवलीत. पहिल्यात लिफ्टचा उल्लेख कुठेच नाही, दुसरं स्टेशनच्या मागच्या बाजूला आहे. कुठलं घ्यावं?"

लिहायला पाच मिनिटं लागतात. शेवटच्या तीन वाक्यांनी सगळ्यात मोठं काम होतं: विचारणाऱ्याने स्वतः हात-पाय हलवलेत हे दिसतं, आणि सांगणाऱ्याला कोऱ्या पाटीवर नाव आठवत बसावं लागत नाही. नुसतं "काहीतरी सुचवा" म्हणणाऱ्याला जाणकार माणूस उत्तरच देत नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो.

रात्री दीडचं विमान

ही चूक इतक्या वेळा होते की आता तिचं हसूही येत नाही. तिकिटावर लिहिलेलं असतं: १५ तारीख, आगमन १:३०. माणूस १५ तारखेपासून खोली घेतो. सामान मिळून, टॅक्सी करून हॉटेलात पोहोचेपर्यंत पहाटेचे तीन. रिसेप्शनवरचा माणूस बुकिंग शोधतो, सापडतंही, आणि तो शांतपणे सांगतो की तुमची खोली आज दुपारी दोनपासून आहे. म्हणजे अकरा तासांनी. हॉटेल भरलेलं असेल तर मुलं लॉबीतल्या सोफ्यावर बॅगा उशाला घेऊन झोपतात. एखादी खोली रिकामी असेल तर ती त्या क्षणी मागतील त्या दराने घ्यावी लागते. या सगळ्यात हॉटेलची चूक शून्य.

कारण साधं आहे. हॉटेलची रात्र ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेच्या नावावर जमा असते. १५ चं चेक-इन म्हणजे १५ आणि १६ यांच्या मधली रात्र. रात्री बारानंतर उतरत असाल तर बुकिंग आदल्या तारखेचं, म्हणजे १४ चं, हवं. सल्ला देणाऱ्यांनाही हे पकडता येत नाही, कारण प्रश्नात "१५ ते १८" एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून तारखेबरोबर उतरायची वेळ आणि रात्रींची संख्या, दोन्ही लिहा. रात्री मोजल्या की चूक आपोआप उघडी पडते.

आता याची दुसरी बाजू. शहाणा माणूस १४ चं बुकिंग करतो, पण हॉटेलला कळवत नाही. १४ ची संध्याकाळ जाते, मध्यरात्र उलटते, पाहुण्याचा पत्ता नाही. रात्रीचा हिशेब बंद करताना हॉटेल त्याला 'आलाच नाही' म्हणून टाकतं. मग पुष्कळ ठिकाणी पहिलीच रात्र नाही, सगळं बुकिंग रद्द होतं. पैसे कापले जातात ते वेगळेच.

तेव्हा बुकिंग झाल्या झाल्या हॉटेलला लेखी कळवा: "१४ च्या बुकिंगवर आम्ही १५ ला पहाटे तीनच्या सुमारास पोहोचतोय, खोली ठेवा." विमानाचा नंबर द्या. उत्तर लेखी येईपर्यंत पाठपुरावा करा आणि निघायच्या आदल्या दिवशी एक फोन करा. बुकिंग साइटवरच्या 'विशेष विनंती'च्या रकान्यात टाकलं म्हणजे झालं, असं समजू नका. तो रकाना कुणी वाचलाच असेल याची हमी नसते. छोट्या ठिकाणी रात्री रिसेप्शनला माणूस असतो का हेही विचारा. कित्येक जागी तो रात्री घरी जातो आणि किल्ली दाराजवळच्या कोडच्या पेटीत ठेवतो. तो कोड मोबाइलवर येणार असेल आणि उतरल्यावर तुमचं इंटरनेट चालू नसेल, तर पेटीसमोर उभं राहून उपयोग नाही. कोड आधीच मागून कागदावर लिहून घ्या.

सकाळी सहाला पोहोचणाऱ्यांचं दुखणं वेगळं. खोली दोन-तीनच्या आधी मिळेलच असं नाही. सामान ठेवून घेतात, बस. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर आदली रात्र विकत घ्या. इथे काटकसर करणारे अख्खा पहिला दिवस पेंगत काढतात.

कुणाला काय विचारायचं

"तुम्ही तिथलेच ना, मग चांगलं हॉटेल सांगा." अहो, तिथला माणूस हॉटेलात कशाला राहील? त्याचं घर आहे तिथे. त्याला हॉटेलची पाटी माहीत असते, गादी नाही. त्याला विचारावं ते वस्तीबद्दल: कुठल्या गल्लीत रात्री दोनपर्यंत गोंगाट असतो, शेवटची बस कितीला, कुठल्या रस्त्याचं खोदकाम चालू आहे. खोलीबद्दल विचारायचं ते अलीकडे राहून आलेल्याला. तो सात वर्षांपूर्वी राहिला असेल तर गाद्या, मालक, बहुधा दोन्ही बदललेत. केव्हा राहिलात आणि कुठल्या प्रकारच्या खोलीत, हे विचारल्याशिवाय "मस्त आहे" याला अर्थ नाही.

माणसं आणि पलंग

तीन मोठी माणसं असताना दोन लिहायची आणि तिसरं गुपचूप न्यायचं, हा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचे बाकीचे सल्लेही बाजूला ठेवा. खोलीत किती माणसं राहू शकतात याची मर्यादा आगीच्या सुरक्षेच्या नियमांशीही बांधलेली असते, आणि काही ठिकाणी तान्हं बाळही मोजतात. मुलांची वयं आकड्यात लिहा, 'छोटी मुलं' नको. अकरा आणि बारा यांत कधी कधी अख्ख्या दराचा फरक असतो.

पलंगाचं एक गणित. 'डबल' म्हणून मिळणारा पलंग बऱ्याचदा १३५ ते १४० सेंटीमीटर रुंद असतो. माणशी ७० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास बाळाच्या पाळण्यातल्या गादीइतके. दोन मैत्रिणी किंवा बाप-लेक असाल तर 'ट्विन', म्हणजे दोन वेगळे पलंग, असं स्पष्ट लिहा. खोल्यांचंही तसंच: 'शेजारच्या' खोल्या म्हणजे नुसत्या लागून असलेल्या, आणि 'कनेक्टिंग' म्हणजे मधून दार असलेल्या. विनंती मान्य झाली असं हॉटेलने लिहून दिलं नसेल तर ती विनंतीच.

बाकीच्या, थोडक्यात

लिफ्ट आहे म्हणजे जिना नाही असं नव्हे. जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच अर्धा जिना चढावा लागतो. शिवाय पहिला मजला म्हणजे कुठे तळमजला, कुठे त्याच्या वरचा.

तारे जगभर एकाच मोजपट्टीचे नसतात. दोन देशांतल्या चार ताऱ्यांची तुलना करू नका.

"रेटिंग नऊच्या वर आहे, डोळे मिटून घ्या." मिटू नका. एक रात्र झोपून निघून गेलेल्याचे नऊ आणि तुमच्या पाच रात्री यांचा संबंध नाही. मधल्या रेटिंगचे अभिप्राय वाचा, त्यांत 'आवाज', 'वास', 'लिफ्ट', 'गरम पाणी' हे शब्द शोधा. गेल्या सहा महिन्यांत तीन वेगळ्या माणसांची एकच तक्रार असेल तर ती खरी धरा.

पैसे परत न मिळणारं बुकिंग करून मग "कसं आहे हो हे?" असं विचारू नका. सल्ला हवाय की धीर, ते आधी ठरवा. आधी रद्द करता येणारी खोली धरा, मग विचारा. रद्द करायची मुदत साधारणपणे हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार असते, तुमच्या घड्याळानुसार नाही. ती घरच्या वेळेत बदलून, एक दिवस आधीचा गजर लावा.

आणि परत आल्यावर ज्यांनी सांगितलं त्यांना कळवा. "छान होतं, धन्यवाद" नको. महिना, खोलीचा प्रकार, कितवा मजला, खिडकी रस्त्याकडे की आतल्या चौकात, रात्री खिडकी उघडी ठेवून झोप लागली का.