अशक्त किंवा लंगडं पिल्लू कसं जगवायचं?

कोंबडीखालची पिल्लं निघाली की त्यात एखादं तरी मागं राहतंच, बाकीची चिवचिवत आईमागं पळतात आणि हे पाय फाकवून पडलेलं. घरातले म्हणतात सोड, ते काय जगत नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्ष दिलं तर यातली बरीच उभी राहतात, फक्त क्रम सोडायचा नाही: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. गार पडलेल्या पिल्लाला खाऊ घातलं तर ते पचतच नाही.

१) ऊब. आपल्याकडं नाशिक जिल्ह्यात थंडीत निफाड, दिंडोरीकडं पहाटे काय गारठा असतो ते माहितीच आहे. पुठ्ठ्याचा खोका घ्या, एका कडेला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब टांगा (एलईडी नको, तो तापत नाही) आणि दुसरी कड मोकळी ठेवा म्हणजे गरम झालं की पिल्लू बाजूला सरकेल. बल्ब पुठ्ठ्याला किंवा कापडाला टेकू देऊ नका. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश हवं, पुढं दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पिल्लू चोच उघडून धापा टाकतंय तर जास्त गरम होतंय, अंग चोरून सारखं ओरडतंय तर गार लागतंय. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

खाली पेपर अजिबात टाकू नका! त्यावर पाय घसरतात आणि चांगल्या पिल्लाचेही फाकतात. जुना खरखरीत टॉवेल टाका, धागे सुटलेला नको, पायात अडकतात. चालायला लागलं की भाताचं तूस, इगतपुरी-घोटीकडं राईस मिलवर मिळतं.

२) पाणी. कपभर कोमट पाण्यात चमचाभर गूळ, पण हे पहिल्या दिवसापुरतंच, नंतर साधं पाणी. चोच उघडून आत ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. बोटावर थेंब घेऊन चोचीच्या कडेला लावा, ते आपोआप गिळतं. भांडं उथळ ठेवा, त्यात खडे टाका, नाहीतर अशक्त पिल्लू पाण्यात तोंड घालून तसंच बुडतं.

३) खाणं. पोटात बलक शिल्लक असतो त्यामुळं पहिले दोन दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नका. मग चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) पाण्यात भिजवून, सोबत उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर कुस्करून. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या कापसानं भिजवून हळूच काढा, ओढू नका, आणि लगेच कोरडं करा.

४) पाय. इथं नीट बघून ठरवा.

दोन्ही पाय बाजूला फाकले असतील तर बँड-एड उभी कापून बारीक पट्टी करा. मधली गादी दोन पायांच्या मध्ये येऊ द्या आणि चिकट टोकं गुडघ्याखालच्या नळीभोवती फिरवून परत पट्टीवरच चिकटवा, पायांत साधारण एक इंच अंतर राहिलं पाहिजे. पट्टी घट्ट नको, बोटं निळसर किंवा सुजलेली दिसली की लगेच सोडा. सुरुवातीला पिल्लू पडतं, धडपडतं, तेव्हा हातानं उभं धरा, दिवसातून चार-पाच वेळा तरी. पट्टी रोज बदला, तीन ते पाच दिवसांत फरक दिसतो. उशीर केला तर हाडं टणक होतात आणि मग पाय वळत नाहीत.

बोटं आत मुडपली असतील तर बऱ्याचदा बी-२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं, त्यासाठी बी-कॉम्प्लेक्स द्यायचं, डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. सोबत पुठ्ठ्याचा छोटा तुकडा तळव्याखाली लावून बोटं सरळ चिकटवा. गुडघा सुजलाय आणि मागची शीर बाजूला सरकलीय असं वाटलं तर घरी खेचाखेच करू नका, डॉक्टरला दाखवा.

मान वाकडी, हिरवट हगवण किंवा एकामागून एक पिल्लं लंगडायला लागली तर मानमोडीची (राणीखेत या साथीच्या रोगाची) शंका घ्या, पिल्लू लगेच वेगळं करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बरं झालं की थेट घोळक्यात सोडू नका, बाकीची टोचून मारतात. आधी एक-दोन दिवस जाळीपलीकडं ठेवा, मग संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडीच्या पंखाखाली सरकवा आणि सकाळी ती त्याला टोचत नाही ना हे उभं राहून बघा.