स्विमिंग पूलला कुंपण घराच्या बाजूनेही हवं

लोणावळा-अलिबागकडच्या कितीतरी बंगल्यांत हॉलचं सरकतं दार थेट पूलवरच उघडतं. लहान मुलांना बुडण्याचा खरा धोका तिथेच. म्हणून कुंपण चारही बाजूंनी घाला: किमान 4 फूट उंच, उभ्या गजांमधली फट 4 इंचांपेक्षा कमी, पाय रोवून चढता येतील असे आडवे गज नकोत. फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारं घ्या. जवळ खुर्ची ठेवू नका, मूल ती ओढत नेऊन चढतं. पोहून झालं की तरंगती खेळणी लगेच उचला. आणि बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही हो! एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून फक्त पाण्याकडेच बघत बसायचं.