घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनासाठी कंपोझिट निवडताना या चुका टाळा

मार्च 2025 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर विमानतळावर हौशी बांधणीचं एक कोझी मार्क 4 विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. उतरता उतरता इंजिनाची ताकद पार गेली होती. वैमानिक किरकोळ जखमांवर निभावला. तपासात कारण सापडलं ते इंजिनाला हवा पुरवणाऱ्या एल्बोत, म्हणजे वाकलेल्या नळीत. थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला हा एल्बो उष्णतेने मऊ होऊन आत चेपला होता. अमेरिकेतल्या एका एअर शोमध्ये तो विकत घेतला होता. कार्बन फायबर घातलेलं एबीएस प्लास्टिक आहे, 105 अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडणार नाही, अशी मालकाची समजूत होती. प्रयोगशाळेत त्याचे दोन नमुने 52.8 आणि 54 अंशांनाच मऊ पडू लागले.

‘कार्बन’ शब्दावर भरवसा ठेवणं ही पहिली चूक. कंपोझिट म्हणजे धागा आणि त्याला जागेवर धरून ठेवणारं रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) किंवा प्लास्टिक. कार्बनचा धागा उष्णता सोसतो, पण हे धरून ठेवणारं साहित्य तितकी सोसत नाही. हे साहित्य ज्या तापमानाला कडकपणा सोडतं, त्याला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात, बोलताना नुसतं टीजी. तो आकडा ओलांडला की धागा कितीही भारी असो, भाग वाकतो. एबीएसमध्ये कार्बनचे तुकडे मिसळून टीजी फारसा वाढत नाही.

कोझीच्या मूळ आराखड्यातला एल्बो फायबरग्लास आणि इपॉक्सी या रेझिनचा आहे. त्याचा टीजी 84 अंश, म्हणजे 105 च्या दाव्यापेक्षा कमीच. पण त्याच्या तोंडाशी अॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा असतो आणि तो एल्बोला मऊ पडण्यापासून सावरतो. विकतच्या भागात ती नळीच नव्हती. म्हणून साहित्य बदलताना नुसते आकडे जुळवू नका. मूळ आराखड्यातला प्रत्येक तुकडा तिथे का आहे, ते आधी शोधा.

घरी लॅमिनेशन करणाऱ्यांची, म्हणजे धाग्याचे थर रेझिनने जोडून भाग बनवणाऱ्यांची, हमखास होणारी चूक म्हणजे रेझिनच्या डेटाशीटवरचा (उत्पादकाच्या माहितीपत्रकावरचा) सगळ्यात मोठा टीजी आपलाच समजणं. तो आकडा बहुतेकदा पोस्ट-क्युअर केलेल्या, म्हणजे सुकल्यावर पुन्हा तापवून पक्क्या केलेल्या नमुन्याचा असतो. शेडमध्ये 25-30 अंशांना सुकलेल्या इपॉक्सीचा टीजी त्यापेक्षा बराच कमी राहतो. तेव्हा भाग साच्यातच ठेवून, उत्पादकाने दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तापमान हळूहळू चढवा. घाई केली तर भाग वाकडा होतो. त्याच रेझिनची एक पट्टी सोबत बनवा आणि त्याच भट्टीत क्युअर करा. नंतर तिचं एक टोक घट्ट पकडून दुसऱ्याला छोटं वजन लटकवा आणि तापमान वाढवत न्या. पट्टी कधी झुकते, ते डोळ्यांनी दिसेल. प्रयोगशाळेतल्या चाचणीची जागा ही पट्टी घेत नाही, पण फसवा माल इथेच उघडा पडतो.

तापमान फक्त उडतानाच मोजणं हीही महागात पडणारी चूक. इंजिन बंद केलं की हवेचा झोत थांबतो, पण सिलिंडर आणि एक्झॉस्ट तापलेलेच असतात. काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आतले बरेच भाग त्यानंतरच सर्वाधिक तापतात. उन्हाळी दुपारी प्रत्यक्ष भागावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा, बंद केल्यानंतर अर्धा तास नोंदी घ्या आणि टीजी त्या कमाल आकड्याच्या पुष्कळ वर ठेवा. व्हिनाइल एस्टर रेझिन किंवा जास्त तापमानाला क्युअर होणारं इपॉक्सी लागत असेल, तर खर्चाकडे पाहू नका.

एक्झॉस्टची गोष्ट वेगळी. आतला वायू 700-800 अंशांचा असतो, तिथे कुठलंच इपॉक्सी टिकत नाही. अंतर ठेवा, मध्ये हवेची फट सोडून स्टेनलेस स्टीलची ढाल बसवा. कार्बनचा भाग अॅल्युमिनियमला थेट टेकवू नका. ओल लागली की अॅल्युमिनियम गंजतं. मध्ये फायबरग्लासचा थर घाला.

दर तपासणीला काउलची आतली बाजू बॅटरी लावून पाहा. तपकिरी डाग, रंगाचे फोड, नळीच्या क्लॅम्पखाली पडलेला खळगा, यातलं काहीही दिसलं तर तो भाग बदलल्याशिवाय विमान उडवू नका.