विद्यापीठात बिनपगारी स्वयंसेवक घ्यायचे असतील तर

बडोद्यात मोडी लिपी वाचणारी माणसं अजून आहेत. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात एखादे निवृत्त काका सहज म्हणतात, "घरी बसून काय करायचं? विद्यापीठात जुने कागद असतील तर वाचून देईन." विभागालाही असा माणूस हवाच असतो. गायकवाडी काळातले मोडी कागद वाचू शकणारे हात मोजके राहिलेत आणि त्यासाठी पगारी जागा मिळवायची म्हटलं तर वर्षं जातात. मग कुणीतरी म्हणतं, "या ना काका, सोमवारपासून." तोंडी बोलणं होतं आणि काम सुरू होतं. पुढे काका जिन्यावरून घसरले, त्यांच्या भाषांतरावर दुसऱ्याचं नाव छापलं गेलं किंवा दोन वर्षांनी त्यांनी पैशाचा विषय काढला, की कुणाकडेच कागद नसतो.

विद्यापीठाच्या कारभारात मी बरीच वर्षं काढली आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठ असो की दुसरं कुठलं, फुकट काम देऊ करणाऱ्या माणसाला आपण पगारदारापेक्षा जास्त जपलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण त्याच्या पाठीशी ना युनियन असते ना सर्व्हिस बुक. आपल्याकडे स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे नियम चार-पाच कायद्यांतून आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांतून गोळा करावे लागतात. ते कोणत्या क्रमाने पाहायचे, ते खाली देतो.

आधी काम तपासा

माणूस नंतर. आधी काम कागदावर लिहा आणि विचारा: हेच काम विद्यापीठात कुणी पगारावर करतं का? गेल्या वर्षापर्यंत कुणी करत होतं का? उत्तर "हो" असेल तर तिथे स्वयंसेवक बसवायचा नाही. ग्रंथालयातल्या हंगामी कर्मचाऱ्याची मुदत संपली, नवी मंजुरी अडकली, म्हणून "तोवर कुणी सेवाभावाने येतंय का बघा" असं सांगणारे वरिष्ठ असतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. आणि मुदत संपलेल्या त्याच माणसाला "पुढच्या भरतीत बघू" या आशेवर फुकट राबवणं तर उघड अन्याय आहे. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हेही सक्तीचंच काम. पोटाच्या गरजेने दिलेला होकार हा खरा होकार नसतो, हे त्या निकालामागचं म्हणणं आहे. आपला स्वयंसेवक मजूर नसेल, पण नोकरीच्या आशेने येणाऱ्या तरुण पदवीधराला हाच विचार लावून बघा.

हीच कसोटी आपल्या विद्यार्थ्यांना लावा. ज्याचे गुण तुमच्या हातात आहेत, त्याला "स्वेच्छेने ये" म्हणण्यात स्वेच्छा कुठली? पीएच.डी. करणाऱ्या मुलीने मार्गदर्शकांच्या प्रकल्पाची डेटा एन्ट्री संध्याकाळी सातपर्यंत करत बसायचं, याला स्वयंसेवा म्हणू नये. विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तिथेही वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि ७ दिवसांचं विशेष शिबिर अशी मोजदाद असते. रक्तदान शिबिर, स्वच्छता, वस्तीतली शिकवणी असल्या कामांसाठी तोच रस्ता धरा. अभ्यासक्रमातली इंटर्नशिप वेगळी. तिचे श्रेयांक (क्रेडिट) असतात, म्हणून तिचं पत्रही वेगळं.

काही कामं स्वयंसेवकाकडे मुळीच द्यायची नाहीत: प्रश्नपत्रिका, गुणपत्रकं, रोख रक्कम, विद्यापीठाचं वाहन, धोकादायक रसायनं, उंचावरचं काम. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून परीक्षेला बसणं हे फार मोलाचं स्वयंसेवी काम आहे, पण ते परीक्षा विभागाच्या नियमांनी आणि त्यांच्याच परवानगीने होतं. विभागाने परस्पर कुणाला पाठवू नये.

बाहेरच्या अनुभवी माणसाला वर्गात नियमित शिकवायला बोलवायचं असेल तर स्वयंसेवकाचं पत्र पुरत नाही. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (युजीसी) २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत आणि त्यात मानद म्हणजे बिनपगारी प्रकारही आहे. एखाद्या दिवसाचं व्याख्यान असेल तर नेहमीचं निमंत्रणपत्र पुरे.

होकार कुणाचा लागतो

विभागप्रमुखाचा एकट्याचा नाही. विभागाने प्रस्ताव लिहायचा, अधिष्ठात्यांची सही घ्यायची आणि रजिस्ट्रार कार्यालयात नोंद करायची. गुजरातची सरकारी विद्यापीठं आता २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली आहेत, त्यामुळे जुन्या वहिवाटीवर विसंबू नका, सध्याचा अधिकार कुणाकडे आहे ते विचारून घ्या. परदेशी नागरिक यायला तयार असेल (बडोद्यात अमेरिकेहून, इंग्लंडहून सुट्टीला आलेले पुष्कळ असतात), तर आधी पासपोर्ट आणि व्हिसाचा प्रकार बघा आणि परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला विचारल्याशिवाय शब्द देऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलांना घेऊच नका. १४ ते १८ मधल्यांना घ्यायचंच असेल तर पालकांची लेखी संमती, दिवसाउजेडीचं हलकं काम आणि सोबत एक जबाबदार मोठं माणूस हवंच.

पत्र

एक पान पुरतं. आमच्याकडे शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, म्हणून पत्रंही बहुधा इंग्रजीतच निघतात. तरी समोरच्याला मराठी किंवा गुजराती बरी वाटत असेल तर त्या भाषेतली प्रत जोडा. मजकूर साधारण असा:

"आपण दिनांक अमुकपासून सहा महिने, दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी ११ ते १ या वेळेत, विभागाच्या संग्रहातील मोडी कागदपत्रांचे वाचन व मराठी टिपण करण्यास स्वेच्छेने तयार आहात, याबद्दल विभाग आभारी आहे. हे काम विनावेतन असून त्यातून नोकरीचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. प्रवासखर्च तिकीट वा पावतीप्रमाणे देण्यात येईल. कामाबाबत आपण अमुक प्राध्यापकांशी संपर्क ठेवावा. आपण कोणत्याही दिवशी, कारण न देता, हे काम थांबवू शकता."

शेवटचं वाक्य कुणी गाळायला सांगेल. गाळू देऊ नका. कारण न देता जाता येत नसेल तर ती नोकरीच झाली, फक्त बिनपगारी. सहा महिन्यांची मुदतही मुद्दाम घातली आहे. वर्षानुवर्षं रोज आठ तास येणारा, हजेरीपटावर सही करणारा, रजेसाठी अर्ज देणारा माणूस कागदावर स्वयंसेवक असला, तरी न्यायालय कागदापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार बघतं. म्हणून त्यांना कर्मचाऱ्यांच्या मस्टरवर घालू नका. वेगळी साधी वही ठेवा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं, सही.

पत्र हातात देताना बसून बोला. "काका, यात पगार नाही, पुढे नोकरीही नाही. चालेल ना? घरी विचारलंत?" हे स्पष्ट विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

पैसे

खर्च भरून द्या, मोबदला देऊ नका. फतेगंजपर्यंत रिक्षाने आले, पावती किंवा सही केलेला खर्चाचा कागद घ्या आणि तेवढेच पैसे द्या. दरमहा ठरावीक रक्कम "प्रवासखर्च" म्हणून दिली, की तो पगार दिसू लागतो. त्यावर कराचा प्रश्न येतो, किमान वेतनाचाही येतो. मानधन द्यायचं असेल तर राजरोस मानधनाची मंजुरी घ्या आणि स्वयंसेवक हा शब्द काढून टाका. चहा-नाश्ता, दुपारचं जेवण याला हरकत नाही. उलट, दिवसभर थांबलेल्या माणसाला जेवणाचं न विचारणं आपल्या घरात शोभत नाही, तसं विभागातही शोभू नये.

पडलं-झडलं, आणि सुरक्षितता

कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा कर्मचाऱ्यांसाठी आहे, स्वयंसेवक त्याखाली येत नाही. म्हणून विद्यापीठाच्या समूह अपघात विम्यात त्यांची नावं घालता येतात का, हे काम सुरू होण्याआधी विचारा. नसेल तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची चौकशी त्यांच्या बँकेत करायला सांगा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती मृत्यूचं संरक्षण मिळतं, पण ते १८ ते ७० वयापर्यंतच. आपले मोडीवाले काका बहुधा सत्तरीच्या पुढचे असतात. मग जिना चढायला लावू नका, कागद खाली आणून द्या.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा मात्र स्वयंसेवकांना स्पष्टपणे लागू आहे. त्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत मोबदल्याशिवाय आणि स्वेच्छेने काम करणारेही येतात. अंतर्गत तक्रार समितीचं नाव आणि फोन नंबर पत्रासोबत द्या आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते हेही सांगा. बरोबरच, स्वयंसेवकाकडून विद्यार्थिनीला त्रास झाला तर तोही त्याच समितीपुढे जाईल, हेही आडपडदा न ठेवता सांगा.

आणीबाणीत एवढं सगळं होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तसा प्रसंग आला तर पत्र कोण लिहीत बसणार? तेव्हा निदान एका वहीत नाव, घरच्यांचा फोन, रक्तगट आणि आल्या-गेल्याची वेळ लिहा. आणि मगरी असलेल्या नदीच्या पाण्यात, विजेच्या तारांजवळ कुणालाही पाठवू नका. ते काम अग्निशमन दलाचं आणि आपत्ती पथकांचं.

विद्यार्थ्यांची माहिती, पासवर्ड, कपाटांच्या किल्ल्या यांचा नियम छोटा आहे: कामापुरतंच द्या, लिहून द्या, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून आपला स्वतःचा पासवर्ड तर कुणालाच वापरू देऊ नका.

काम कुणाचं, नाव कुणाचं

इथे सगळ्यात जास्त दुखावलेली मनं मी पाहिली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. समजा काकांनी दोनशे मोडी कागद वाचले, त्यांचा मराठी मजकूर लावला, कठीण शब्दांवर टिपा दिल्या, सूची केली. त्या टिपांवर आणि सूचीवर हक्क कुणाचा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मूळ नियम असा की लिहिणाराच पहिला मालक. नोकरीत असलेल्याचं काम मालकाकडे जातं, पण काका नोकरीत नाहीत. दुसरीकडे, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या देखरेखीखाली झालेल्या कामासाठी त्याच कायद्यात वेगळी तरतूद आहे आणि विद्यापीठ तिच्या आधारे हक्क सांगू शकतं. म्हणजे दोघांनाही "हे माझं" म्हणायला जागा आहे. वाद टाळायचा तर पत्रातच ठरवा.

हक्क विद्यापीठाला द्यायचे असतील तर ते लेखी आणि काकांच्या सहीने हवेत. तोंडी दिलेले चालत नाहीत. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. माझं मत असं, की सगळे हक्क मागू नयेत. विद्यापीठाला छापण्याची, संकेतस्थळावर ठेवण्याची आणि संशोधकांना देण्याची परवानगी घ्या, आणि काकांना स्वतःचं पुस्तक काढण्याची मोकळीक राहू द्या.

नावाचा प्रश्न तर वेगळाच. हक्क लिहून दिल्यावरही लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ खाली लेखकाकडेच राहतो. "सहकार्याबद्दल आभार" अशा प्रस्तावनेतल्या एका ओळीवर दोनशे कागदांची बोळवण होत असेल तर ते कायद्यालाही धरून नाही आणि माणुसकीलाही. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर "मोडी वाचन व टिपा" असं लिहून पुढे पूर्ण नाव द्या. पत्रात हे वाक्य घाला, म्हणजे विभागप्रमुख बदलले तरी ते टिकेल.

थांबताना

मुदत संपायच्या महिनाभर आधी विचारा, पुढे यायचंय का. यायचं असेल तर नवं पत्र द्या, जुन्याच पत्रावर चालवू नका. थांबणार असतील तर किल्ल्या, ओळखपत्र आणि विद्यापीठाचा ई-मेल परत घ्या, उरलेला प्रवासखर्च त्याच आठवड्यात द्या, आणि केलेल्या कामाची एक प्रत त्यांच्या हातात ठेवा. प्रमाणपत्रात तारखा, अंदाजे तास आणि कामाचं नेमकं नाव लिहा. तरुण असतील तर त्यांना ते पुढच्या अर्जाला लागतं, "समाजसेवा केली" एवढ्याने काही कळत नाही. आणि सही झालेलं प्रमाणपत्र त्यांच्या घरी पोचवा, त्यासाठी कार्यालयात चार खेटे घालायला लावू नका.