निशिगंध : कंद मातीत जाण्याआधीच निम्मं पीक ठरतं

चैत्रात गुलछडीचा, म्हणजेच निशिगंधाचा, जुना प्लॉट मोडायची आणि नवी लागवड धरायची लगबग सुरू होते. फुलं कमी निघाली की आपण खताला नाहीतर पाण्याला दोष देतो. माझ्या अनुभवात दुखणं बहुतेक वेळा कंदातच असतं.

पाच वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून पोत्यात भरलेले, नुकतेच उपटलेले कंद आणले आणि दहा गुंठ्यांत लावले. पात गवतासारखी माजली, फुलांची छडी मात्र कुठेतरी एखादी. दोन चुका झाल्या होत्या: कंद बारीक होते आणि त्यांना विश्रांती मिळाली नव्हती.

पात पिवळी पडली की पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी गड्डे काढा. माती झटकून सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरा, अधूनमधून हलवा. महिना-दीड महिना असे राहू द्या. पोतं बांधून ठेवलं की आतले कंद घामेजतात आणि बुरशी लागते.

निवडताना प्रत्येक कंद हातात घ्या. बुडाला अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागला, आंबूस वास आला तर बाजूला काढा. वजन 20 ते 30 ग्रॅम हवं. मधोमध जुन्या दांड्याचं वाळलेलं खुंट दिसलं तर तो कंद लावू नका. एक कंद एकदाच फुलतो, पुढची फुलं त्याच्या पिलांना येतात. बारीक पिलं फेकू नका, वेगळ्या वाफ्यात वर्षभर वाढवा.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून सपाट वाफ्यात लागवड नकोच. फूटभर उंच गादीवाफा करा, भरपूर कुजलेलं शेणखत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून घाला. अंतर 30 बाय 20 सेंटिमीटर, खोली 5 ते 7 सेंटिमीटर. लागवडीनंतर एकदा पाणी द्या, मग कोंब वर येईपर्यंत फक्त वाफसा, म्हणजे चिखल न होता बेताची ओल, टिकवा. मे महिन्याच्या उन्हाला घाबरून रोज ठिबक चालवलं की कंद जमिनीतच सडतो.

पावसाळ्यात पानं मुळाशी सैल पडून गळायला लागली तर बुडाची माती बाजूला करून पाहा. पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती खोडकुज. असं झाड भोवतालच्या मातीसकट उचलून शेताबाहेर न्या. उकिरड्यावर टाकू नका, ते दाणे शेणखतातून परत शेतात येतात.

झाड खुरटलं आणि मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. त्या जागी वांगी, टोमॅटो, भेंडी घेऊ नका; एक हंगाम झेंडू घ्या, लागवडीच्या वेळी निंबोळी पेंड द्या. शृंगार ही जात गाठीच्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी दाद देत नाही.

चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. तिथे युरिया वाढवून उपयोग नाही, लोह कमी पडलेलं असतं. माती परीक्षण करून घ्या आणि फेरस सल्फेट 5 ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात संध्याकाळी फवारा.

हारासाठी सुटी फुलं विकायची तर सिंगल (पाकळ्यांची एकच ओळ असलेली) जात घ्या, फुलदाणीच्या छड्यांना डबल (भरगच्च पाकळ्यांची). एप्रिलअखेर लावलेला चांगला कंद साधारण तीन-साडेतीन महिन्यांत दांडा टाकतो. गणपतीला तोडा सुरू होतो आणि तुळजापूरच्या नवरात्रात हारवाले फुलं शोधत असतात, तेव्हा आपला प्लॉट भरात असतो.