एचपीव्ही लस: भोवळ कोणती, अॅलर्जी कोणती आणि कधी काय करायचं

एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरची, लस टोचल्यावर मुलगी कोसळली की आजूबाजूच्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: रिअॅक्शन. बहुतेक वेळा ती साधी भोवळ असते. खरी जीवघेणी अॅलर्जी, म्हणजे अॅनाफिलॅक्सिस, दहा लाख डोसांमागे साधारण 1.7 वेळा होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने 2017 साली नोंदवलं. प्रकार विरळा, पण त्यात मिनिटं मोजावी लागतात. म्हणून फरक आधीच ओळखता यायला हवा.

टोचण्याआधी

लस कायमची टाळण्याची कारणं दोनच: आधीच्या डोसनंतर अॅनाफिलॅक्सिस झालेला असणं किंवा लशीतल्या एखाद्या घटकाची तीव्र अॅलर्जी असणं. गार्डासिल ही एचपीव्हीची लस बेकरीच्या यीस्टमध्ये तयार होते आणि तिच्यात पॉलिसॉर्बेट 80 हे मिश्रण एकजीव ठेवणारं रसायन असतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लसही यीस्टमध्येच बनते. यीस्टच्या नावाने घाबरायचं कारण नाही; मुलगी वडापाव खाते आणि तिला काही होत नाही, तर तो प्रश्न तिथेच मिटला. अंडी, शेंगदाणे, धूळ किंवा पेनिसिलिनची अॅलर्जी या लशीच्या आड येत नाही. पूर्वी कशानेही अॅनाफिलॅक्सिस झाला असेल तर मात्र ते आधी सांगा आणि टोचल्यावर 15 ऐवजी 30 मिनिटं केंद्रावर थांबा.

सर्दी-पडशासाठी लस पुढे ढकलू नका. चांगलाच ताप असेल तर उतरू द्या. गरोदरपणात ही लस देत नाहीत. कळायच्या आत डोस गेला असेल तर गर्भपात वगैरेचा विचारही नको. उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यायचे. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर सांगा: बारीक सुई वापरून नंतर जागा किमान दोन मिनिटं न चोळता दाबून धरतात.

उपाशीपोटी नेऊ नका. त्या दिवशी उपवास असेल तर तारीख बदला.

टोचताना आणि नंतरची 15 मिनिटं

मुलीला खुर्चीवर बसवूनच 0.5 मिली लस दंडाच्या स्नायूत द्यावी. आधी कधी सुईने भोवळ आली असेल तर आडवं करून. मग 15 मिनिटं तिथेच बसायचं. भोवळीपेक्षा भोवळीत पडून डोक्याला लागणं जास्त घातक, आणि जिना उतरताना किंवा स्कूटरवर मागे बसलेली असताना तेच होतं.

शाळेतल्या शिबिरात टोचण्याची जागा रांगेतल्या मुलींना दिसणार नाही अशी ठेवा. एक पडली की बघणाऱ्या चौघी पडतात. 2014 साली कोलंबियातल्या एल कार्मेन दे बोलिव्हार गावात शेकडो मुलींना असा त्रास झाला आणि त्यामागे लशीचा दोष नव्हे, तर सामूहिक भीती होती असं तपासात निघालं. मुली नाटक करत नव्हत्या, त्रास खरा होता.

फरक कसा ओळखायचा

भोवळ टोचताना किंवा लगेच येते. चेहरा पांढराफटक, घाम, अंग गार, नाडी मंद. आडवं करून पाय उंच केले की मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध येते. कांदा किंवा चप्पल हुंगवायची गरज नाही, आणि शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका.

अॅनाफिलॅक्सिस बहुधा 30 मिनिटांच्या आत दिसतो. अंगावर पित्त उठतं, खाज सुटते, ओठ-जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, छातीत घरघर, उलट्या, नाडी जलद पण क्षीण. कधी त्वचेवर काहीच दिसत नाही. आडवं करूनही सुधारणा नसेल किंवा श्वासाचा त्रास असेल, तर अॅलर्जी समजूनच हालचाल करा.

अॅनाफिलॅक्सिस वाटला तर

पहिलं औषध अॅड्रेनॅलिन. 1:1000 च्या अँप्युलमधून किलोमागे 0.01 मिली, म्हणजे 30 किलोच्या मुलीला 0.3 मिली, कमाल 0.5 मिली. मांडीच्या मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हे काम केंद्रावरच्या प्रशिक्षित व्यक्तीचं. पाच मिनिटांत फरक नसेल तर तोच डोस पुन्हा. नेहमीची चूक म्हणजे आधी एव्हिल (अॅलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) देऊन वाट पाहणं; त्यांनी खाज कमी होते, पण पडलेला रक्तदाब सावरत नाही. घरी पोचल्यावर पित्त उठलं आणि सोबत धाप किंवा उलट्या असतील, तर आमसुलाचं पाणी चोळत बसू नका, 108 ला फोन करा.

रुग्णाला आडवं ठेवा. धाप असेल तर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. बरं वाटतंय म्हणून उभं करू नका, त्या क्षणी रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्या, कारण काही तासांनी लक्षणं परतू शकतात.

पुढचा डोस

दंड दुखणं, सूज, बारीक ताप, डोकेदुखी ही अॅलर्जी नव्हे; दोन-तीन दिवसांत जातात, लागलं तर पॅरासिटामॉल. नुसती भोवळ आली असेल तर पुढचा डोस आडवं करून द्यायचा, चुकवायचा नाही. टोचल्यावर तासाभरात पित्त उठलं असेल तर पुढच्या डोसाआधी अॅलर्जीतज्ज्ञाला दाखवा.

त्यासाठी कार्डावर लशीचं नाव, बॅच क्रमांक आणि टोचल्याची वेळ लिहून घ्या. त्रास झालाच तर आशाताई, एएनएम (आरोग्य केंद्रातली परिचारिका) किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. बॅच क्रमांक नसला की तपास तिथेच अडतो.